मनीबद्दलचं एक वाक्य

मनी गेली तेव्हा माझ्या हातात माईक होता. दहावीच्या पोरांचा निरोप समारंभ चालू होता, मी नेहमीसारखा सूत्रसंचालनाला उभा, आणि खिशात फोन थरथरत होता. तीन वेळा मी तो खिशातल्या खिशात बंद केला. चौथ्यांदा काढून बघितलं तर मावशीचा नंबर. मंचावरून उतरून भिंतीशी गेलो आणि फोन कानाला लावला. मावशी रडत नव्हती. 'गेली रे मनी,' एवढंच म्हणाली. मागून एक पोरगी विचारत होती, 'सर, पुढचं नाव कुणाचं?' सांगायला लाज वाटते, पण मी परत मंचावर गेलो. पुढचं नाव पुकारलं, पाहुण्यांचे आभार मानले आणि मगच गाडी काढली. तीस वर्षं मी वडवणी तालुक्यातले सत्कार, निरोप, उद्घाटनं बोलून काढली आहेत. माईक हातात आला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. मनीच्या आयुष्याचं जे काय झालं त्यात माझ्या या तोंडाचा मोठा वाटा आहे, आणि आज हे लिहायला बसलोय ते तेवढ्यासाठीच.

मनी म्हणजे मनीषा, माझी मावसबहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मावशी आणि काका दसरा झाला की कोयते बांधून ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच गावाकडं परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून मनी ते सहा महिने आमच्याकडं, वडवणीला असायची. माझ्या आईच्या हाताखाली वाढली, माझ्याकडून पाढे शिकली, माझ्याच सायकलवरून पडून तिनं कपाळाला खोक पाडून घेतली. भारी तिखट पोरगी. मी काही फुगवून सांगायला लागलो की तोंडावर म्हणायची, 'दादा, तू लई लावून सांगतोस.' मी वाघ पाहिला म्हटलं की ही विचारणार, वाघ का तरस? तरस होतं, हे मला कबूल करावं लागायचं.

ती सात वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आई-बापाकडं गेली होती. मजुरांच्या कोप्या म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, एकीला एक लागून. भर दुपारी माणसं फडात असताना एका चुलीतली ठिणगी उडाली आणि वाऱ्यानं आख्खी रांग पेटली. मावशी त्या दिवशी तापानं कोपीतच होती. तिनं मनीला कडेवर मारली आणि बाहेर पळाली. शेजारच्या कोप्यांत चार पोरं होती. मावशी आत गेली नाही. बाहेर मोकळ्यावर उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन गळा फाटेस्तोवर हाका मारत राहिली. पोरं त्या आवाजाच्या रोखानं रांगत आली, चारीच्या चारी. तरी नंतर दोन बायका म्हणाल्याच, ही बघा, आधी आपली घेऊन पळाली. मनी वडवणीला परत आली तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास होता, आणि ती मला म्हणाली, 'दादा, धुरात आतल्याला काईच कळत न्हाई. भाईर हाक मारणारं कुणीतरी लागतं.' मी तिला चिंच दिली आणि विसरून गेलो. ती नाही विसरली.

पुढं बीडच्या कॉलेजात शिकताना तिनं कुठली तरी जाहिरात बघितली, मुंबईला गेली, आणि आमच्या घराण्यातली पोरगी विमानात लागली. गावात काय काय बोललं गेलं म्हणता! कुणी म्हणालं, पोरगी हवाई सुंदरी झाली, आता घराचं सोनं झालं. कुणी म्हणालं, चहा वाटायला एवढ्या उंच कशाला जायचं, तो मांजरसुंब्याच्या ढाब्यावरही वाटता येतो. तिच्या साडीपासून ओठाच्या रंगापर्यंत सगळ्यांनी मत दिलं, काम काय ते मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिनंच एकदा सांगितलं. 'चहा उरलेल्या वेळात देतो आमी. आमचं खरं काम दाराचं हाय. विमान चढताना आन् उतरताना आमी दारापाशी बसतो, हात मांडीखाली दाबून, आन् मनात घोकतो… आता काही झालं तर बाहेर काय बघायचं, दार कसं उघडायचं, काय ओरडायचं, पहिल्यांदा कुणाला उचलायचं. रोज, परत्येक वेळी.' आमच्या घरी आली तरी ती बाहेरच्या दाराजवळची लाकडी खुर्चीच धरायची. त्या खुर्चीचा एक पाय आखूड, बसलं की डुगडुगते. मी म्हणायचो, अगं आत गादीवर बस की. तर म्हणायची, 'राहू दे, हितं बरं हाय,' आणि मांडीखाली हात घालून बसायची.

आठ वर्षांपूर्वी ते घडलं. विमान उतरायला लागलं आणि एका बाजूची चाकं बाहेर येईनात. बराच वेळ वर घिरट्या घातल्या, मग वैमानिकानं ते एका कुशीवर धावपट्टीला टेकवलं. ठिणग्या, धूर, आरडाओरड… पण थांबलं. मनी मागच्या दाराला होती, सोबत तिची एक वरिष्ठ बाई. दार उघडलं, घसरगुंडी फुगली, माणसं खाली जायला लागली. थोडी माणसं गेली आणि खाली गोंधळ उडाला. घसरगुंडीच्या पायथ्याशी माणसांचा ढीग झाला. उतरलेले तिथंच थांबून फोन काढायला लागले, एक जण तर बॅग राहिली म्हणून परत विमानाकडं निघाला. वरून येणारा खालच्याच्या अंगावर. तेव्हा वरिष्ठ बाईनं मनीला सांगितलं, तू खाली जा आणि माणसं हलव, वरचं मी बघते. मनी गेली. एक चप्पल कुठं तरी राहिली, दुसरी तिनंच फेकून दिली, आणि अनवाणी गवतावर उभं राहून हात हलवत ओरडायला लागली. हिंदी-इंग्रजीत ओरडायचं शिकवलेलं असतं, पण त्या घडीला तिच्या तोंडून निघालं ते आमचंच, 'आरं पळा की! बगताव काय! हिकडं या, हिकडं!' एकालाही मराठी कळत नव्हती, तरी सगळे पळाले. सगळी माणसं वाचली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा तेवढा हात मोडला.

पहिले दोन दिवस नुसती फुलं. वाहिन्यांवर वैमानिकाला देव केलं, पोरींना रणरागिणी केलं. तिसऱ्या दिवसापासून त्याच वाहिन्या विचारायला लागल्या, चूक कुणाची? वैमानिकानं घिरट्या एवढ्या का घातल्या, म्हाताऱ्याचा हात का मोडला? ज्यांनी जन्मात विमानाची पायरी चढली नाही ते टेबलावर मूठ आपटून सांगायला लागले की तिथं काय करायला हवं होतं. मनी तेवढ्यात आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती, आणि आम्ही, म्हणजे मी, तिचा सत्कार ठरवला. फ्लेक्स लागले, हलगी आली, साहेब आले. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना सगळे साहेबच म्हणतात, तर तसे आमचे एक साहेब. सकाळी चहा पिता पिता मनीनं मला सगळं सांगितलं होतं, जसं वर लिहिलंय तसंच. मी मान डोलावली होती. मग माईक हातात आला, समोर हजारभर माणूस… आणि माझ्या तोंडून निघालं, 'विमान पेटत होतं, पण शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत आमची वाघीण दारात उभी होती! सगळ्यात शेवटी उतरली!'

टाळ्या पडल्या. मनी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली, 'दादा, शेवटी नव्हते मी.' आणि मी काय केलं असेल? माईकमध्येच म्हणालो, 'बघा, बघा पोरीचा विनय! नाही म्हणतीय!' आणखी टाळ्या. ती ओशाळं हसली. दुसरं काय करणार होती, अंगावर शाल, मांडीवर नारळ. तिचं मनोगत कार्यक्रमात होतं. पण साहेबांना पुढं गेवराईला जायचं होतं, तेव्हा वेळेअभावी मनोगत रद्द करतो असं मीच जाहीर केलं आणि आभार मानून टाकले. तिला दोन शब्द बोलू दिले असते तर तिनं तिथंच माझं तरस उघडं पाडलं असतं. पण मी नाही दिले.

चार दिवसांनी एका प्रवाशानं काढलेली फीत बाहेर आली. तीत मनी गवतावर उभी, अनवाणी, केस सुटलेले, ओरडतीय. आणि तिच्या पाठीमागं माणसं अजून घसरगुंडीवरून खाली येतायत. एक म्हातारे गृहस्थ मागं कोलमडतात, तिचं तिकडं लक्ष नाही. एवढंच. एका वाहिनीनं त्या फितीशेजारी माझं भाषण लावलं, गावातल्या एका पोरानं टाकलेलं. इकडं मी ओरडतोय 'सगळ्यात शेवटी उतरली', तिकडं ती आधीच खाली. खाली लाल पट्टी, 'आधी स्वतःचा जीव?' आणि शालीतलं तिचं ते ओशाळं हसू, गोल करून दाखवलेलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. खोटारडी ठरली ती. तिच्या 'आरं पळा की'वर पोरांनी गाणी बसवली. कंपनीचा नियम असा की बाहेर बोलायचं नाही, म्हणून ती बोलू शकत नव्हती. ज्या चौकात तिचा फ्लेक्स लागला होता तिथून तो कुणी काढला कळलंच नाही. त्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस लागला.

सुट्टी संपून मुंबईला परत जायच्या दिवशी ती माझ्याकडं आली. त्याच खुर्चीत बसली. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज शांत होता. 'दादा, तू कावून तसं बोललास?' मी म्हणालो, अगं तुझ्या भल्यासाठीच… 'मी काम चोख केलतं. जसं केलं तसं सांगितलं असतंस तर त्या फितीत माझं काम दिसलं असतं. तू जे सांगितलंस त्यानं त्याच फितीत मी पळपुटी झाले.' मग म्हणाली, 'एक कर. मला बोलता येत न्हाई, तुला येतं. एकदा माईकवर सांग, शेवटी उतरली ते मी माझ्या मनानं बोललो. एक वाक्य.' मी म्हणालो, सांगतो की, जरा वातावरण थंड होऊ दे. वातावरण थंड झालं. मग वाटलं, आता कशाला उकरून काढायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगू? मी भ्यालो. तालुक्यात माझ्या शब्दाला वजन आहे असं मला वाटायचं, आणि ते मला जपायचं होतं. तिच्या जिवावर जपत होतो, हे कळत असूनही जपलं.

काही महिन्यांनी चौकशीचा निकाल आला. मनीनं सगळं नियमाप्रमाणं केलं, ती खाली गेली म्हणून मागची माणसं लवकर उतरू शकली, असं त्यात साफ लिहिलं होतं. ही बातमी कोणत्याच वाहिनीवर लागली नाही. विमानात लोक तिला ओळखायचे. एकदा एक बाई चहाचा कप घेताना म्हणाली, 'तुम्हीच ना त्या, आधी उडी मारलेल्या?' त्यानंतर तिनं स्वतःच अर्ज करून उडणं सोडलं आणि नव्या पोरींना शिकवायच्या विभागात गेली. सहा वर्षं पोरी शिकवल्या. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, तिकडच्या कुणी तरी ती फीत बघितली, मोडलं. मावशीच्या घराला तिनं पक्कं छप्पर केलं, मावशीचा कोयता सुटला. पण सणाला गावी आली की ती चार माणसांत बसायची नाही. माझ्याकडं मात्र यायची, दर वेळी, दाराजवळच्या खुर्चीत. ते वाक्य तिनं पुन्हा काढलं नाही. नुसती बघायची माझ्याकडं, आणि मी विषय बदलायचो…

गेल्या दिवाळीला तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि जे निघालं ते फार पुढं गेलेलं निघालं. पौषात तिला पुण्याला नेताना मी मांजरसुंब्यापर्यंत सोबत होतो. गाडी चहाला थांबली. हाताची नुसती काडं झाली होती, तरी तिनं पेला स्वतःच धरला. उन्हात बरं वाटतंय म्हणाली. मग एकदम, आठ वर्षांनी, हसून म्हणाली, 'दादा, तुझं एक वाक्य राहिलंय बरं का.' मी म्हणालो, 'तू बरी होऊन ये, मोठा कार्यक्रमच घेऊ. तुझं मनोगतही ठेवू.' 'आन् साहेबांना गेवराईला जायचं असलं तर?' म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. गाडी निघताना तिनं काचेतून हात केला. तेच शेवटचं बघणं. बरी होऊन ये म्हणालो, पण होणार नाही हे मला ठाऊक होतं. ते वाक्य तिथंच, त्या चहाच्या टपरीवर, तिला म्हणून दाखवलं असतं तरी तिला पुरलं असतं. तेवढंही मला सुचलं नाही.

दहाव्याला नदीकाठी मोठी गर्दी जमली. मेलेल्या माणसावर आपल्याकडं कुणी रागावत नाही. साहेब आले, माईक घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, 'शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत जिनं विमान सोडलं नाही, अशी आमची लेक आज आम्हाला सोडून गेली.' माझंच वाक्य. आठ वर्षांपूर्वी जे तिला भोवलं तेच आता तिच्या कौतुकाला आलं होतं. बायका हुंदके द्यायला लागल्या. मग माईक माझ्या हातात आला. मी ठरवून गेलतो. घरून निघताना, वाटेत, नदीत उतरताना घोकत होतो, ती जसं दाराशी बसून घोकायची तसं. तोंड उघडलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं आपोआप शब्द आले… 'साहेबांनी आत्ताच अगदी समर्पक शब्दांत सांगितलं…' पुढचं काय बोललो आठवत नाही. खाली बसलो तेव्हा मला स्वतःची किळस आली.

घरी आल्यावर मावशी भिंतीला टेकून बसली होती. माणसं पांगली तेव्हा मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, मावशी, तुला एक सांगायचंय, मनी विमानातून शेवटी उतरली नव्हती. मला भीती होती, की लेकीचा एवढाच अभिमान तिच्यापाशी उरलाय आणि तोही मी काढून घेतोय. मावशीनं माझ्याकडं बघितलंही नाही. 'म्हाईत हाय मला. तिनं त्याच साली सांगितलं व्हतं. म्हणली, आई, तू कोपीच्या भाईर हुबी व्हतीस ना, तशी हुबी व्हते मी.' मी विचारलं, मग तू मला कधी बोलली का नाहीस? 'तिनं बोलू दिलं न्हाई. दादा सांगल म्हणायची. त्याला येळ लागतो, पर सांगल. दवाखान्यात सुदिक म्हणली… आज मी वाट बघितली तुझ्या तोंडाकडं.' एवढं बोलून मावशीनं पदर तोंडाला लावला आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

म्हणून हे लिहिलं. माईकवर मला जमत नाही हे आता मी मान्य केलंय. कागदावर खोडता येतं, परत लिहिता येतं, टाळ्या वाजत नाहीत. काल मावशीला बोलावून घेतलं, कारण तिला वाचता येत नाही आणि तिनं ऐकल्याशिवाय हे छापायला पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. ती आली. आत गादी टाकली होती तरी दाराजवळच्या त्या डुगडुगत्या खुर्चीतच बसली, तिच्या नकळत असेल किंवा कळून असेल. मी पहिल्यापासून वाचलं. माईक, चिंच, फ्लेक्स, साहेब, सगळं. वाचून झाल्यावर तिनं बाहेर रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'लई लांबण लावलीस रे. एकच तर वाक्य सांगायचं व्हतं.'

खरंय मावशी. ते वाक्य हे: मनी शेवटी उतरली नव्हती, ती आधी उतरली आणि शेवटचा माणूस येईपर्यंत बाहेर उभी राहून हाका मारत होती.